वरची खोली मंजूर

प्रिय चिमणे,

मंजूर! वरची खोली मंजूर झाली! नगररचना कार्यालयातून शिक्क्याचा नकाशा घेऊन आत्ताच आले आणि चपलाही न काढता तुला लिहायला बसले. तुझे बाबा चहासाठी घुटमळतायत, पण आज त्यांनीच करावा.

मागे तू आलीस तेव्हा माझ्या कापड बेतायच्या टेबलावर गादी घालून झोपलीस आणि परत जाताना म्हणालीस, तुमच्याकडे आधीच अडचण, त्यात मी कुठे? तू वळलीस आणि मी वर गच्चीकडे बघितलं. गवंडीकाका म्हणाले, कार्यालयाचे उंबरे कशाला झिजवता, सुट्टीच्या दिवसांत भिंती उभ्या करू, कोण बघतंय? बाबांनी लगेच मान डोलावली. मी मात्र हट्टाला पेटले, की खोली होईल ती परवानगी काढूनच.

कार्यालयात खिडकीवरच्या बाईंनी मला धड्यासारखं समजावलं. रंग द्या, फरशी बदला, ओटा नवा करा, जुन्याच चौकटीत नवी खिडकी बसवा, कुणी विचारणार नाही. पण घर उंच झालं, बाजूला वाढलं, भार पेलणारी भिंत हलली किंवा बाहेरून जिना निघाला, की आधी परवानगी, मग विटा. शंका असेल तर काम काढण्याआधी येऊन विचारा, म्हणाल्या. त्यावर बाबांनी गंभीरपणे विचारलं, पडदे लावायला काय लागेल? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बाई खुदकन हसल्या आणि तेव्हापासून आमच्याशी नीट बोलायला लागल्या.

घराच्या मालकीचे कागद, अर्ज, फी आणि परवाना असलेल्या वास्तुविशारदाचा नकाशा, एवढं लागतं. नकाशावाला पोरगेला होता, त्यानं मी टेपनं घेतलेल्या मापांवर भरवसा ठेवला आणि तिथेच घात झाला. जन्मभर कपडे बेतले गं मी! हाताला सवय, शिवणीला चारी बाजूंनी थोडं जास्त धरायचं. खोलीलाही धरलं, जिन्यालाही धरलं. कार्यालयातून शेजाऱ्यांना नोटीस जाते, तशी शेजारच्या मास्तरांना गेली आणि ते ती हातात घेऊनच आले. वहिनी, तुमचा जिना माझ्या लिंबाच्या झाडात उतरतोय, म्हणाले! अर्ज परत आला. गवंडीकाकांनी मी सांगत नव्हतो का, हे पालुपद लावलं आणि मी मशीनवर डोकं टेकून चक्क रडले. वाटलं, संपलं सगळं.

पण नकाशावाल्यानं स्वतः येऊन मोजलं, जिना आपल्याच भिंतीलगत वळवला आणि आम्ही पुन्हा अर्ज केला. तपासणीचे साहेब येऊन गेले. मास्तरांनी हरकत नाही असं लिहून दिलं, वर लिंबाच्या बाजूला खिडकी ठेवा असा आग्रह धरला. ठेवली आहे. तिच्यातून सकाळचं ऊन येईल.

जिना बाहेरून का, ते आता कळलं असेल. कधी आलीस, कधी गेलीस, डोळे का सुजलेत, कुणाला सांगायची गरज नाही. कुलूप तुझं, किल्ली तुझी. फोनवर तू सगळं ठीक म्हणतेस. आई आहे मी, मैत्रिणीकडे किती दिवस बॅगेतून कपडे काढतेस ते मला समजतं. ज्या घराला तू आपलं म्हणालीस, त्या घरानं एका संध्याकाळी तुला ऊठ, नीघ म्हटलं. चोरून बांधलेली खोली उद्या कुणी पाडायला लावली असती, तर तुला आणखी एकदा उठावं लागलं असतं. ते मला बघवलं नसतं, म्हणून हे हेलपाटे. सोमवारी विटा येतायत. गवंडीकाका विचारत होते, दार आत उघडायचं की बाहेर. मी म्हटलं, थांबा, जिची खोली आहे ती येऊन सांगेल.

जिन्याकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई