एकाहत्तर तास वीस मिनिटे

मी, खाली डाव्या हाताचा अंगठा उमटवणारी, वय अठ्ठावन्न, धंदा गाड्यांच्या व लहान विमानांच्या सीटची शिलाई, राहणार स्वतःच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र वकीलबाईंना तोंडी सांगून लिहवून घेत आहे. माझ्या डोक्यात गाठ आहे, पण डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी आज सकाळीच उलटसुलट प्रश्न विचारून तसा दाखला दिला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. उजवा हात आणि उजवा पाय वर्षभरापासून माझे ऐकत नाहीत, म्हणून सही नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते. ते दादाला काही मिळू नये एवढ्यासाठीच केले होते.

१. शिलाईचे जड मशीन, सुया, दोऱ्याची रिळे आणि कापडाचे तागे माझ्या कारखान्यातल्या जोडीदारणीला द्यावेत. एकवीस वर्षे आम्ही समोरासमोर बसून भांडलो आणि शिवले. मोठी कात्री तिने दोन दिवसांसाठी म्हणून नेली होती. आता तिने ती परत करू नये.

२. निळी उशी फ्लाइंग क्लबला द्यावी. तिथल्या विमानाची फाटलेली सीट शिवायला मी गेले होते. आत बसून माप घेत होते, तेव्हा शिकवणारे मास्तर खिडकीशी येऊन म्हणाले, "नुसतं मापच घेताय, की शिकताय?" मी त्रेचाळीस वर्षांची, उंचीने एवढीशी, घरात मला टाचणीच म्हणतात. पाय पॅडलपर्यंत पोचेनात. त्याच रात्री पाठीमागे घ्यायला ही उशी शिवली. हवामानाच्या लेखी परीक्षेत दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा सुटले. शेहेचाळिसाव्या वर्षी खासगी वैमानिकाचा परवाना हातात पडला. पुढेमागे कोणी बुटकी शिकायला आली तर उशी तिला द्यावी. कपाटात ठेवून देऊ नये.

३. माझे लॉगबुक दादाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला द्यावे. त्यात एकाहत्तर तास वीस मिनिटे उड्डाणाची नोंद आहे. तिने निदान अकरावे पान वाचावे. त्या सकाळी मास्तरांनी विमान थांबवायला सांगितले, पट्टा सोडला आणि खाली उतरले.

"एक फेरी मारून या. मी चहा घेतो."

"आजच?"

"उद्या वारा आहे."

मास्तरांचे वजन नाही म्हटल्यावर विमान अर्ध्या धावपट्टीतच उचलले गेले. शेजारची सीट रिकामी. खाली माझ्याच गल्लीतले पत्रे, टाक्या, वाळत घातलेल्या चादरी. आणि मला सांगणारे, थांबवणारे कोणी नाही. मला हसू फुटले ते आवरेना. बोटाखाली रेडिओचे बटण दाबलेले होते, हसणे टॉवरपर्यंत गेले. टॉवरवाल्याने विचारले, "काही अडचण?"

मी म्हटले, "नाही. एकटी आहे."

पानावर या सगळ्याची नोंद 'एक फेरी, सात मिनिटे' एवढीच आहे. बाकीचे मी इथे लिहवले, ते भाचीसाठी.

४. दोन्ही खोल्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला द्याव्यात. याचे कारण लिहिणे भाग आहे.

परवाना मिळाल्याला चौदा महिने झाले होते. दादाच्या स्वयंपाकघरात मी उभी असताना पडले. मिनिटभरात उठलेही.

दादा म्हणाला, "डॉक्टरला सांगणार ना?"

"उपाशी होते, चक्कर आली. त्यात काय सांगायचं?"

"टाचणी, रविवारी तू माझ्या मुलीला घेऊन वर जाणार आहेस."

"मग?"

त्याने परवान्याच्या कचेरीला पत्र लिहिले. मला तपासणीला बोलावले. मशीनमध्ये घालून पाहिले, काही सापडले नाही. कारण कळेपर्यंत उड्डाण बंद, असा शेरा पडला. कारण कळायला नऊ वर्षे लागली. तेवढी वर्षे मी दादाशी बोलले नाही. रस्त्यात दिसला तर पलीकडून गेले. क्लबच्या कुंपणाशी मात्र जाऊन उभी राहायचे, मग तेही सोडले.

गाठ सापडली तेव्हा डॉक्टर म्हणाले, ती तेव्हापासूनच असावी, फक्त दिसण्याइतकी मोठी नसेल. म्हणजे दादाचे बरोबर होते. मी वर असताना, भाची शेजारी असताना काय झाले असते, हे मला कळते. कळून उपयोग होत नाही. नियम मला पाठ होते, चूक माझी होती, आणि तरीही त्या पत्राचा राग जात नाही.

ज्या दिवशी पाय गेला त्या दिवशी दादा पिशवी घेऊन इथे राहायला आला. मी बोलावले नव्हते. तो माझे केस धुतो, मेलेला हात उचलून बाहीत घालतो, घास भरवताना सांडले तर स्वतःच्या धोतराला पुसतो. त्याच्यावर रागावून पाठ फिरवायची म्हटली, तरी कुशीवर मला त्यालाच वळवावे लागते.

वकीलबाईंनी आत्ता विचारले, "माफ केलं, असं लिहू का?" मी नको म्हटले. ते अजून झालेले नाही आणि माझ्याने होईल असे वाटत नाही. खोल्या माझ्या हातात आहेत, त्या दिल्या.

५. बँकेत असेल त्यातून दवाखान्याचे भागवावे. उरेल ते भाचीचे. तिला उडायचे नसेल तर तिला कोणी आग्रह करू नये.

डाव्या हाताचा अंगठा: (निशाणी)

साक्षीदार: १. उपचार करणारे डॉक्टर (सही). २. समोरचे औषधदुकानदार (सही).

ठिकाण: मागची खोली, पलंगावर. तारीख चौदा मार्च, सकाळी अकरा वाजता.

लिहून घेणारीची नोंद: अंगठा घेण्यापूर्वी सर्व मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. लाभार्थी भाऊ बंद दाराबाहेर बाकावर बसले होते. कलम चार बाईंनी पुन्हा वाचायला लावले. बदल काही सुचवला नाही. दुसऱ्यांदा वाचण्याआधी मात्र दार उघडायला सांगितले.