तुमच्या नावाचं खातं

सर, तुम्ही गेलात तेव्हा मी परदेशात होते, म्हणून माफी मागायची राहून गेली, असं मी लोकांना सांगते. ते खोटं आहे. विमानात बसायच्या आधी कित्येक महिने मी सांबऱ्यातच होते, तुमच्या घरापासून चार गल्ल्यांवर, आणि आले नाही.

बारावीनंतर परदेशी विद्यापीठात जायच्या अर्जाला दोन शिक्षकांची शिफारस लागत होती. एक कॉलेजातल्या मॅडमनी दिली. म्हणजे ‘तूच लिहून आण, मी सही करते’ म्हणाल्या. आपल्याकडं सगळेच असं करतात. दुसरी शाळेतले सर म्हणून तुमची, तर तुमच्याकडंही मी तसाच कागद तयार करून आणला होता. तुम्ही तो न वाचताच परत दिलात. “तू लिहिलेल्यावर माझी सही कशी गं? मी लिहितो. आठ दिवस दे.” आठाचे पंधरा झाले. रोज संध्याकाळी मी यायची. काकू भाकऱ्या थापत असायच्या आणि तुम्ही तिथंच स्वयंपाकघरात डिक्शनरी उघडून बसलेले. “घाई करू नको. दुसऱ्याबद्दल लिहिताना शब्द तोलून लिहावा लागतोय.” गावच्या विमानतळावरचं विमान डोक्यावरून जायचं आणि घरातली भांडी थरथरायची. मला वाटायचं, हे म्हातारं माझं वाटोळं करणार. होय सर, हेच शब्द.

अर्जाची मुदत संपायला दोन दिवस उरले तेव्हा मी तुमच्या नावानं ईमेलचं खातं उघडलं. तुम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं, त्यामुळं अवघड गेलं नाही. विद्यापीठाचा शिफारशीचा फॉर्म त्या खात्यावर आला, मीच भरला. तीस वर्षांत अशी विद्यार्थिनी पाहिली नाही, असं तुमच्या वतीनं लिहिलं. फोन नंबर तेवढा तुमचा खरा दिला. इतक्या लांबून कोण फोन करतंय?

त्यांनी केला. दुसऱ्या दिवशी तुमचा निरोप आला. स्वयंपाकघराच्या दारात मी उभी होते आणि तुम्ही बस म्हणाला नाहीत. “काल फोन आलता. हे तुम्हीच लिहिलंय काय, म्हणून विचारलं.” काकूंनी तवा उतरवला. “मी व्हय म्हणालो.” मी रडायला लागले. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. “न्हाय म्हणालो असतो तर तुझं सगळं संपलं असतं. म्हणून म्हणालो. आता जा. परत माझ्याकडं येऊ नको.”

मी गेले. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत उभं आयुष्य घालवलेल्या माझ्या अण्णांनी मला प्रवेश मिळाल्याचे पेढे गल्लीभर वाटले. तुमच्याकडंही एक पुडा पाठवला होता. काकू सांगतात, तुम्ही तो उघडला नाहीत. मी तिकडं पोचले त्याच वर्षी थंडीत तुम्ही गेलात.

शिकून परत आल्यावर काकूंनी मला एक पाकीट दिलं. “तुझंच हाय. तू ते फॉर्मचं करून बसलीस त्याच दिवशी सांजच्याला लिहून झालतं बघ.” दीड पान इंग्रजी, तुमचं ते सरळ उभं अक्षर. गणितात मी चांगली आहे, पण पहिली नाही, असं स्वच्छ लिहिलंय. वर्गात बोलायला बुजते, हेही. आणि शेवटी, आठवीत चुकून जास्त पडलेले दोन गुण मी पेपर घेऊन येऊन तुम्हाला कमी करायला लावले होते, ती गोष्ट. मी ती विसरूनही गेले होते. त्याखाली एकच ओळ: ही मुलगी खोटं बोलत नाही, याची हमी मी देतो.

ते पत्र मी अण्णांनाही दाखवलेलं नाही.

हे तुम्हाला पाठवायचं म्हटलं तर तुमचा एकच पत्ता माझ्याकडं आहे, मीच उघडलेला. तिथं पाठवलं तर वाचणारीही मीच. ते खातं मी अजून बंद केलेलं नाही, सर. कधीतरी उघडून बघते, काही आलंय का.