नवोदय मार्ग, घर नंबर सतरा

६ जानेवारी

आज एका बाईंना पुलापलीकडे पाठवलं. उगाच!

दुपारी दुकानात काजं करत बसले होते. दारात एक परगावच्या बाई. साठीच्या असतील. हातात जड पिशवी, चेहरा घामाने डबडबलेला. ‘नवोदय मार्ग, घर नंबर सतरा कुठे हो? कोपऱ्यावरचे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, शिलाईवाल्या ताईंना विचारा.’

माझी कॉलर ताठ! सगळी वस्ती माझ्याकडे माणसं धाडते. पण नवोदय मार्ग? बापजन्मात ऐकलं नव्हतं. नवं नाव म्हणजे नवी वस्ती, नवी वस्ती म्हणजे पुलापलीकडे — असं मनात जुळवलं आणि हनुवटीने दाखवलं. ‘हे काय, इथेच! पूल ओलांडा, जुन्या चक्कीवरून वळा.’

‘उजवीकडे की डावीकडे? किती लांब?’

त्यांच्याकडे असं मोजूनमापून विचारत असावेत. मी म्हटलं, अहो, चक्की आली की कळेलच. चक्की पाडून जमाना झाला, हे त्या दिसेनाशा झाल्यावर आठवलं. धावत जायला हवं होतं. हातात काम होतं म्हणून उठले नाही — छे! लाज वाटली म्हणून उठले नाही.

७ जानेवारी

एका ब्लाउजचे सगळे हुक उलटे लावले. परत उसवले.

९ जानेवारी

सूनबाईपाशी बोलून बसले. झालं!

‘आई, माहीत नाही म्हणायचं ना! आमच्याकडे सरळ सांगतात, माहीत नाही, पुढे विचारा. कुणाला राग येत नाही.’

असेल तिच्या माहेरी. इथे दारात आलेल्याला ‘माहीत नाही’ म्हणणं म्हणजे तोंडावर दार लावणं. वाट विचारणाऱ्याला रिकामं पाठवू नये, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं.

‘मग चुकीची वाट दिलेली चालते?’

मी म्हटलं, भाजी करपतेय बघ. करपत नव्हती.

१२ जानेवारी

वरच्या मजल्यावरचे सुतारभाऊ बरेच दिवस खाली उतरले नाहीत म्हणून चहा घेऊन गेले. रंधा बंद. खोली मात्र लख्ख, मध्ये एक नवीकोरी खुर्ची, पॉलिशचा वास अजून तसाच. बहिणीसाठी केलेली. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं, हे रुसले, गेले नाहीत. त्याला चाळीस वर्षं झाली, तेव्हापासून ना भेट ना बोलणं. परगावी राहणाऱ्या मुलाने मध्ये पडून आत्याला यायला तयार केलं. पत्ताही त्यानेच दिला.

‘आलीच नाही, ताई. मुलाला फोनवर म्हणाली, दादाने मुद्दाम खोटा पत्ता द्यायला लावला, गावात कुणालाच ठाऊक नाही तो. पुन्हा त्याचं नाव काढू नकोस म्हणाली.’

मला त्या दिवशीच्या पिशवीवाल्या बाई आठवल्या. पण त्या बाईंना तर नवोदय मार्ग हवा होता! मी म्हटलं, आपली सायकलवाल्याची गल्ली कुणाला ठाऊक नाही, भाऊ? वेंधळी असेल तुमची बहीण.

ते हसले नाहीत.

१५ जानेवारी

नगरपालिकेचा पेंटर शिडी लावून माझ्याच दुकानाच्या वर पाटी ठोकत होता. वाचली आणि हातातली कात्री खाली पडली.

नवोदय मार्ग.

‘काय रे, हे नाव कधी बदललं?’

‘बदललं कुठे, काकू? कधीपासून हेच आहे. पाटी आत्ता आली. लाइटबिलावर बघा की!’

बिलावर मी आकडा सोडून कधी काय वाचलंय! काढून बघितलं. घर नंबर सतरा. म्हणजे हेच. खाली मी, वर भाऊ. सायकलवाला केव्हाच वारला, आणि आम्ही अजून त्याच्याच गल्लीत राहतोय!

ती बाई माझ्या उंबऱ्यात उभी होती. जिना तिच्या पाठीशी होता. आणि मी तिला नदी ओलांडायला लावली, भर उन्हात, त्या पिशवीसकट. वर तिच्याच भावाला तोंड वर करून सांगितलं — वेंधळी!

माझ्यासारखी पापीण मीच.

१६ जानेवारी

अर्ध्या जिन्यातून परत आले. दोनदा. सूनबाईने दोन्ही वेळा चहा पुन्हा गरम करून हातात दिला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

१७ जानेवारी

सांगितलं एकदाचं. भाऊ, ती तुमची बहीणच होती, मी तिला पुलाकडे पाठवलं. वाटलं, आता कप आपटतील.

त्यांनी विचारलं, ‘केस पूर्ण पिकलेले? हातात जड पिशवी?’

मी म्हटलं, तुम्हाला कसं ठाऊक?

‘कोपऱ्यावर तिने मलाच विचारलं, ताई. मी धड बघितलंही नाही तिच्याकडे, गाडीतून उतरणाऱ्यांवर डोळे होते माझे. नवोदय मार्ग मलाही ठाऊक नव्हता. म्हटलं, शिलाईवाल्या ताईंना विचारा.’ मग खुर्चीवरून हात फिरवत म्हणाले, ‘मी लांब वेणीवाली शोधत होतो.’