आईचा वेगळा कप

पुणे,
१२ जुलै १९९४

तीर्थरूप सौ. आईस,
वृंदाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

लोणच्याची बरणी फुटली नाही, झाकणातून तेल तेवढं गळलं. माझ्या दोन वह्यांना आता मोहरीचा वास येतो.

एक काम आहे. तुझी, आजीची आणि मधूची लाळ हवी आहे. आधी हसून घे, मग पुढचं वाच.

माझं संशोधन तू शेजारी 'दातांचं काहीतरी' म्हणून सांगतेस, असं मधूने कळवलं. खरा विषय माणूस आणि त्याच्या तोंडातले जंतू यांचं उत्क्रांतीतलं नातं हा आहे. मी ज्या जंतूवर काम करते तो मातीत सापडत नाही, पाण्यात सापडत नाही; माणसाच्या दातांवरच राहतो. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्याकडे तो नसतो. दात आल्यावर, साधारण दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान, तो भरवणाऱ्याकडून येतो, म्हणजे बहुतेक आईकडून. आईकडे तिच्या आईकडून आलेला. असा तो हजारो पिढ्या माणसांबरोबर चालत आला आणि चालता चालता दोघंही बदलली. आपण वंशावळ वडिलांच्या बाजूने लिहितो, हा आईच्या बाजूने लिहितो.

चौदा कुटुंबं झाली. तीन पिढ्यांचं एकही मिळालं नाही, कारण आज्यांना दात नसतात आणि दात नसले की हा जंतूही टिकत नाही. तुझ्या आईचे, आपल्या वांगणीच्या आजीचे, पुढचे चार दात शाबूत आहेत. सध्या माझा प्रबंध त्या चार दातांवर उभा आहे. तिला सुपारीपासून लांब ठेव. सर म्हणतात, ज्या घराची माहिती पक्की असेल तेच घ्यावं. म्हणून आपलं घेतलं.

नळ्या सोबत आहेत. सकाळी उठल्यावर चूळ न भरता प्रत्येकाने आपापल्या नळीत थुंकायचं आणि मधूने त्या बर्फाच्या थर्मासमधून आणून द्यायच्या.

बाबांना नमस्कार. माझ्या लग्नाबद्दल नवीन काही नाही. ते सोडून सर्व काही विचारावं, ही विनंती.
तुझी,
वृंदा

अंबरनाथ,
२ ऑगस्ट १९९४

चि. वृंदास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं काम झालं. मधू रविवारी येतो आहे. थर्मास त्याच्या उल्हासनगरच्या शेठने दिला, ज्याचा जीन्सचा कारखाना आहे तो. बहीण डॉक्टर होणार ना, मग माझी दाढ तिला दाखव, असं शेठ म्हणाला. मधूने हो म्हणून टाकलं. आता ते तू निस्तर.

आजीसाठी मी वांगणीला गेले होते. नळीत थुंक म्हटल्यावर ती म्हणाली, की नातीला हेच बघायचं होतं तर पुण्याला कशाला धाडली, इथे स्टेशनवर सगळे फुकट थुंकतात.

आम्ही तिघांनीही आधी मीठ-हळदीच्या पाण्याने चुळा भरल्या. तू नको म्हणून लिहिलंस ते आम्हाला त्रास नको म्हणून, हे कळलं मला. पण तुझ्या सरांसमोर घरची लाळ घाण जाणं बरं दिसत नाही. नळ्या भरल्यावर मी त्या पातेल्यात चांगल्या उकळल्या. तू जंतू म्हणतेस आणि ते जिवंत, तेही पोराच्या हातून धाडायचे? वाटेत कुणाला काही झालं तर? मन धजेना.

जेवत जा. लोभ आहेच, पण तो पत्रावर वाढतो, एवढं लक्षात ठेव.
तुझी,
आई

पुणे,
९ ऑगस्ट १९९४

तीर्थरूप सौ. आईस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

नमुने मिळाले. इतके स्वच्छ नमुने या प्रयोगशाळेत आजवर आले नव्हते. त्यांतून काहीही उगवलं नाही. हे कुठल्या कुटुंबाचे, असं सरांनी विचारलं. एका अत्यंत टापटिपीच्या, असं मी सांगितलं.

आई, मला ते जंतूच हवे होते, आणि जिवंत. उकळायची तुझी सवय मी विसरायला नको होती. तुझा निळ्या काठाचा कप वेगळा, ताट वेगळं, ते घासून पुन्हा उकळायचं. आम्ही त्याला आईचं सोवळं म्हणायचो. मधू लहानपणी त्या कपातून सर्रास चहा प्यायचा. मी हात लावला की तू कप उचलून घ्यायचीस. ही तक्रार नाही, निरीक्षण आहे.

नवीन नळ्या पाठवते. या खेपेला चुळा नाहीत, पातेलं नाही, आणि वाटेतल्या लोकांची दया तर अजिबात नाही.

लोभ न उकळता पाठवावा.
तुझी,
वृंदा

पुणे,
२० नोव्हेंबर १९९४

तीर्थस्वरूप सौ. उमाआत्यास,
वृंदाचा नमस्कार. वि. वि.

दिवाळीत आले नाही म्हणून तू रागावली आहेस, असं बाबांनी कळवलं. राग बाजूला ठेवून मला थोडी लाळ दे. कारण सांगते.

आईने दुसऱ्यांदा नमुने नीट पाठवले. जंतूंच्या डीएनएचे पट्टे फिल्मवर दिसतात. एकाच वंशाचे असले की ते तंतोतंत जुळतात. आजी, आई आणि मधू यांचे जुळले. माझे नाहीत. मी चिठ्ठ्या बदलल्या असतील असं धरून सगळं पुन्हा केलं. उत्तर तेच.

सर म्हणाले, कारण दाखव, नाहीतर हे कुटुंब वगळ. वगळलं तर तीन पिढ्यांचं प्रकरणच जातं आणि मार्चमध्ये प्रबंध सादर होत नाही. मग त्यांनी सहज विचारलं, की दुसऱ्या वर्षी तुला भरवत कोण होतं. मी तोच प्रश्न आईला लिहिला. तिचं दोन पानी उत्तर आलं. त्यात नळाची बदललेली वेळ, चकलीची भाजणी आणि शेजारच्या विष्णुपंतांचा मोतीबिंदू आहे. माझा प्रश्न नाही.

तुझ्या बदलापूरच्या ओसरीवर बसलेला माझा एक फोटो आहे. त्यात मी दोन वर्षांची असेन. तेव्हा मी पाहुणी होते, की राहायला होते?

नळी सोबत आहे. उकळू नये. उत्तर खरं असावं, लोभ त्यातच आला.
तुझी,
वृंदा

बदलापूर,
१ डिसेंबर १९९४

चि. वृंदाबाईंस,
आत्याचे आशीर्वाद.

नळी पाठवली आहे. तुझे काका समोर उभे राहून हसत होते, म्हणून दोनदा थुंकावं लागलं.

विचारलंस म्हणून सांगते, आणि मी सांगितलं हे वहिनीला खुशाल कळव. पंचवीस वर्षं तोंड मिटून बसले होते, तुझ्या नळीने उघडायला लावलं.

तू वर्षाची झालीस आणि वहिनीच्या छातीवर डाग निघाला. टी.बी. दिनादादाने कारखान्यात सांगितलं नाही, शेजारी सांगितलं नाही. मुलगी आहे, उद्या तिचं लग्न व्हायचं, आईला टी.बी. म्हटलं की लोक चहासुद्धा न पिता उठायचे. डॉक्टर म्हणाले होते, की इंजेक्शनं सुरू आहेत, थोड्या दिवसांनी धोका कमी होईल, मग लेकरू जवळ ठेवलंत तरी चालेल. वहिनी म्हणाली, कमी नको, शून्य पाहिजे. तू कुणावर गेलीस हे मला विचारू नकोस.

मग दादा तुला माझ्याकडे सोडून गेला. दोन वर्षं होतीस. तुझी पेज मी आधी चाखायची, फुंकायची आणि त्याच चमच्याने तुला भरवायची. पेरू चावून, बिया काढून तुझ्या तोंडात घालायची. तेव्हा जंतूबिंतू कुणाला ठाऊक? तुझे दात किडके निघाले ते माझ्यामुळे का, तेही एकदा कळव, म्हणजे वाईट वाटून घ्यायचं की नाही ते ठरवते.

वहिनी रविवारी यायची. कुंपणाबाहेर जास्वंदीपाशी उभी राहायची, पदर तोंडावर धरून. मी आत बोलवायची, ती मान हलवायची. एकदा तू धावत गेलीस आणि तोंडातली लिमलेटची गोळी काढून तिच्यापुढे धरलीस. ती मागे सरकली. तू भोकाड पसरलंस. तिचं रडणं अंबरनाथ आलं तरी थांबलं नव्हतं, असं दादा म्हणाला. बरी होऊन न्यायला आली तेव्हा तू मला आई म्हणत होतीस आणि तिला रविवारची बाई.

मधू झाला तोवर डॉक्टरांनी ती पूर्ण बरी म्हणून लिहून दिलं होतं. मधूपाशी तिचा हात मोकळा झाला, तुझ्यापाशी नाही. भीती ती तुझ्यावर शिकली ना, मग ती तुझ्यावरून उतरलीच नाही.

तुला आणि तुझ्यातल्या माझ्या जंतूंना आशीर्वाद.
तुझी,
उमाआत्या

पुणे,
२६ डिसेंबर १९९४

तीर्थरूप सौ. आईस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

उमाआत्याचे पट्टे आणि माझे पट्टे जुळले. सर खूष आहेत. हा जंतू रक्ताने येत नाही, भरवणाऱ्या हाताने येतो, हे इतकं स्वच्छ दुसऱ्या कुठल्याच घराने दाखवलेलं नाही.

आत्याने सगळं लिहिलं. तिच्यावर रागावू नकोस, मीच विचारलं.

गेली चार वर्षं मी आईकडून मुलांकडे काय आलं ते मोजते आहे. जे आईने येऊ दिलं नाही, ते मोजायची पद्धत आमच्याकडे नाही. जागा कोरी दिसली की आम्ही नमुना बिघडला असं लिहितो. घरच्या बाबतीतही मी तेच लिहून ठेवलं होतं.

प्रकरणात एक वाक्य घालावं लागेल: आईला क्षय झाल्याने मुलगी त्या काळात आत्याकडे वाढली. नावं नसतात, 'कुटुंब पंधरा' एवढंच असतं. तरी ओळखणारा ओळखेल. तू नको म्हणालीस तर कुटुंब पंधरा वगळते आणि प्रबंध पुढच्या वर्षी देते. माझ्या लग्नाचा विचार त्यात धरू नये. तोही अजून कोणी सादर केलेला नाही.

आणखी एक शास्त्रीय माहिती. दातांवर एका वंशाचा जंतू बसला की नंतर येणाऱ्याला सहसा जागा मिळत नाही. आत्याचे जंतू माझ्याकडे चोवीस वर्षं ठाण मांडून आहेत. तुझे आता येऊन काही करू शकणार नाहीत. तुझी छाती तर मधूच्या आधीपासून स्वच्छ आहे. तेव्हा तुझ्या कपातला चहा मी प्यायला कोणत्याही बाजूने हरकत उरत नाही.

संक्रांतीला येते आहे. लोभ मोजलेला नाही, आहे असं धरून चालते.
तुझी,
वृंदा

अंबरनाथ,
४ जानेवारी १९९५

चि. वृंदास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांनी मोठ्याने वाचायला घेतलं आणि मध्येच चष्मा पुसायला म्हणून उठले. पुढचं मीच वाचलं.

वाक्य घाल. पण ते आपोआप घडल्यासारखं लिहू नकोस. डॉक्टर जवळ ठेवलं तरी चालेल म्हणाले होते, आईने ठेवलं नाही. तुमच्यात खरं तेच लिहायचं असतं ना? मग तेवढंही लिही. ते वाचून ज्या घराला मुलगी नको होईल, ते घर मलाही नको.

उमाताई म्हणतात, की जंतू त्यांचे, तेव्हा तिळगुळावर पहिला हक्क बदलापूरचा. मी सांगितलं, चोवीस वर्षं राहिलेत तुमचे, आता पहिला दिवस माझा.

सकाळच्या गाडीने ये. निळ्या काठाचा कप उकळून ठेवते. एकच.
तुझी,
आई