पाच लाखांत आठ वर्षं

अहो,

फोनवर तुम्ही नुसतं हां हां करता, म्हणून लिहून ठेवते. डाळ कुकरमध्ये आहे, भात ताजा आहे. मी बँकेत गेलेय. आईच्या दिघाशी गावच्या जमिनीतल्या माझ्या हिश्श्याचे नऊ लाख घेऊन पळाले नाही, निवांत जेवा.

परवा तुम्ही म्हणालात, "गोडाऊनवाल्यांनी उद्या घरी बसवलं तर? पैसा हातात राहू दे." मी म्हटलं, घराचं कर्ज एकदाचं फेडून टाकू. त्यावरून दोन दिवस आपण भिंतीशी बोलतोय. काल मी आपल्या माधवीच्या शाळेच्या जुन्या वहीत हिशोब मांडला. तीनदा मांडला. विश्वास बसेना, म्हणून कालच बँकेत जाऊन मॅडमना विचारलं.

सगळे नाही, पाचच लाख भरले आणि हप्ता आहे तोच ठेवला, तर राहिलेली अकरा वर्षं सव्वातीनवर येतात! म्हटलं, "मॅडम, पुन्हा बघा ना." त्यांनी स्क्रीनच माझ्याकडे फिरवली. जवळजवळ आठ वर्षं, अहो, समोरच्या समोर पुसली गेली. मी बाई बघतच राहिले. साठीला तुम्ही ड्युटीवर नसाल, घरी माझ्या चहाला नावं ठेवत असाल.

उरलेले चार लाख तुमच्या भीतीसाठी. ती मलाही वाटते, बोलत नाही एवढंच.

कर्ज दोघांच्या नावावर आहे, तुमचीही सही लागेल. नाही पटलं तर रात्रपाळीची झोप काढा, मी तशीच परत येईन, तोंड वाकडं करणार नाही. पटलं तर साडेतीनच्या आत आधार कार्ड घेऊन या. खिडकीसमोरच्या बाकावर बसते. शेजारी पिशवी ठेवून तुमची जागा धरते.

रूपा