पिवळा डाग आणि कारमेन मातेची मिरवणूक

७ जुलै
मेहुण्याने, आर्हेमिरोने, आज नवी कोरी मोटारसायकल माझ्या ताब्यात दिली. तो कामाला बाहेरगावी चालला. म्हणाला, गाडीवाल्यांना सांभाळणाऱ्या कारमेन मातेच्या सणाला येईन. तोवर गाडी नीट सांभाळलीत तर पुढे तुम्हीच चालवा, मागे माणसं बसवून भाडी मारा. नाहीतर आहेच सासूबाईंचा मासळीचा गाळा. तिथे लग्नापासून खवले काढतोय. आता बस्स. संकल्प: गाडीला फुलासारखं जपणे.

८ जुलै
पाऊस. मागच्या सीटवर शाळेतल्या ब्राउलिया बाई. त्यांच्या पिवळ्या रेनकोटचा काठ तापलेल्या सायलेन्सरला टेकला, वितळला आणि चिकटला. तळहाताएवढा डाग. बाई रेनकोटसाठी ओरडत होत्या. सायलेन्सरचं कुणाला काही नाही.
बायको, नुबिया, म्हणते, इंजिन जरा गरम करा, प्लास्टिक मऊ झालं की लाकडी उलथण्याने हलकेच खरवडा. हसू आलं. सायलेन्सर म्हणजे काय मक्याच्या भाकरीचा तवा आहे?

९ जुलै
शास्त्र सांगतं: उष्णतेने चिकटलेलं थंडीने सुटतं. गाळ्यातून मासळीवरचा बर्फ आणला. न विचारता. बराच वेळ दाबून धरला. हात बधिर, डाग जागच्या जागी. गाडीला बोकाचिको माशाचा वास, सीटवर शेजारची मांजर. सासूबाईंनी विचारलं, जावई, बर्फ कुणी नेला? मी मांजरीकडे पाहिलं.

११ जुलै
काल विश्रांती आणि चिंतन. आज नुबियाचं नेलपॉलिश रिमूव्हर, अख्खी बाटली. डाग तसाच, पण शेजारचा कंपनीचा स्टिकर सफाईने निघाला. म्हणजे औषध गुणकारी आहे. फक्त जागा चुकली.

१२ जुलै
तारेची घासणी. दंड भरून आले. डाग अर्धा गेला, चकाकी पूर्ण. नीट पाहिलं तर बिनचकाकीचा सायलेन्सर जास्त सभ्य दिसतो. नुबिया म्हणाली, उलथणं अजून घरातच आहे. मी घासत राहिलो.

१४ जुलै
फाटकाला लावतात तो चंदेरी रंग आणला. दोन हात दिले. झकास! इंजिन सुरू केलं, तर रंगाला पापडासारखे फोड. दुकानदार भेसळ करतो, दुसरं काय.

१५ जुलै
सुचलं! उद्या मातेच्या मिरवणुकीसाठी गावातली प्रत्येक गाडी फुगे-फितींनी सजणार, फादर सगळ्यांवर तीर्थ शिंपडणार. आपली गाडी सायलेन्सरसकट सजली तर कोण शंका घेईल? प्लास्टिकच्या रंगीत फिती सायलेन्सरवर घट्ट गुंडाळल्या. वर फुलं, वर फुगे. नुबियाने विचारलं, गाडी तापल्यावर काय होईल? म्हटलं, सणासुदीला अभद्र बोलू नये.

१६ जुलै, सकाळ
आर्हेमिरो आला. सजावट बघून गहिवरला, मिठीच मारली. म्हणाला, "दाजी, आम्ही तुम्हाला उगाच नावं ठेवली." माझेही डोळे भरून आले. वाटलं, सांगून टाकावं. पण चांगल्या दिवशी कशाला? तो गाडी घेऊन थेट मातेच्या मूर्तीमागे, पहिल्या रांगेत.

१६ जुलै, संध्याकाळ
चौकापर्यंत सगळं छान. मग फुगे फटाफट फुटले. लोकांना फटाके वाटले, टाळ्या पडल्या. मग धूर. फादरनी तीर्थाचं भांडंच सायलेन्सरवर उपडं केलं. इतका आशीर्वाद दुसऱ्या कुठल्या गाडीला मिळाला नसेल.
आर्हेमिरो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. वितळलेल्या गोळ्याजवळ उकिडवा बसून म्हणाला, "डागाचं मला ब्राउलिया बाईंनी त्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं. त्याचं काही नव्हतं हो, दाजी. तुम्ही सांगताय का, तेवढंच बघत होतो."
जेवण गेलं नाही.

१८ जुलै
काल नुबियाने इंजिन गरम केलं, उलथणं घेतलं. प्लास्टिक सालीसारखं निघालं. ओरखडे राहिले, ते माझे. गाडी आता ती चालवते. भावानेच दिली.
सासूबाईंची खवले काढायची पद्धत साफ चुकीची आहे. उद्यापासून सुधारणा.
सकाळी पाऊस होता. नुबिया मला गाळ्यावर सोडायला निघाली. गाडी सुरू करण्याआधी मागे वळून तिने माझ्या रेनकोटचा काठ गोळा केला, माझ्या मांडीखाली नीट खोचला आणि म्हणाली, "आता हलू नका."
मी हललो नाही.