आप्पांचे शेवटचे आठ दिवस

वैजापूर,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. मोनालीस अनेक आशीर्वाद.

आप्पांना जाऊन आज महिना झाला. अकरा मेंढ्या व्याल्या, कोकरं चांगली आहेत. पत्राचं कारण मात्र वेगळं आहे. फोनवर मला जमणार नाही.

तू रोज संध्याकाळी दवाखाना बंद करून आप्पांना फोन करायचीस. पोपटाची चोच घासली, सशाचे दात कापले, कासवाचं कवच सांधलं. इतक्या आनंदानं सांगायचीस की आप्पा ते गावभर सांगत फिरायचे. जन्मभर मेंढ्या मी राखल्या, अडलेल्या मी सोडवल्या. त्याचं कौतुक त्यांनी कुणापाशी केलं नाही. मला तुझा हेवा वाटायचा. अजून वाटतो.

शेवटचे आठ दिवस मी तुला म्हणत होतो की आप्पा झोपलेत, बरे आहेत. ते जागे होते आणि बरे नव्हते. फोन घेऊन मी बाहेर यायचो.

जमलं तर लोभ ठेव.

तुझा दादा,
कडुबा

उस्मानपुरा,
१९ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न.

पत्र आलं त्या दिवशी दवाखान्यात घोरपड आणली होती, शेपटीत तार रुतलेली. घोरपड मी पहिल्यांदाच हाताळली. तार निघाली तेव्हा हरखून गेले आणि हात फोनकडं गेला. मग आठवलं.

माफ केलं असं लिहिलं तर खोटं होईल. ते आठ दिवस तू एकट्यानं ठेवून घेतलेस. शेवटचं पाणी तुझ्या हातचं. आता हेवा करायची पाळी माझी आहे. आप्पा काय बोलले, माझं नाव काढलं का, सगळं लिही. तोवर लोभ मागू नकोस.

मोनाली

वैजापूर,
२६ फेब्रुवारी

चि. मोनालीस आशीर्वाद.

पहिल्या संध्याकाळी ते फोनकडं बघत राहिले. मला बघवेना. मी सांगितलं की तुमचा डोळा लागला तेव्हा मोनीचा फोन येऊन गेला, आज उंट आला होता, त्याच्या घशात लिंबू अडकलं होतं. ते हसले. मग रोज एक जनावर काढावं लागलं. माकडाला पडसं, मोराला ताप. मेंढ्यांचेच आजार त्यांच्यावर घातले, दुसरं मला काय येतं. तुझं नाव रोज निघायचं, मीच काढायचो. सांगताना मजा यायची, हे लिहायला लाज वाटते.

सातव्या दिवशी सांगितलं की हरिणीचं पिल्लू आडवं आलं होतं, मोनीनं आत हात घालून हळूच वळवलं. आप्पा माझ्या हाताकडं बघत होते. मग म्हणाले, "मोनी असं नाय सांगत. पण तू सांग. लई वर्षांनी बोलायलास."

तेव्हाही मी तुला फोन लावून दिला नाही. ती संध्याकाळ मला माझी हवी होती.

लोभाचं तू ठरव.

कडुबा